तपकिरीवर हिरवा

“तुम्हाला सांगितलं होतं कोणी?” शर्वरीकाकू फोनवर कडाडल्या.

“मॅडम, गेमच्या सातव्या भागात आम्ही दिवंगत खेळाडूंची जपून ठेवलेली खेळण्याची ढब मोफत सुधारून दिलीय,” कंपनीची मुलगी म्हणाली. “तुमचे मिस्टर हिरवे ठोकळे तपकिरी ठोकळ्यांवर टाकायचे. ती चूक आम्ही काढली. आता ते हरणारच नाहीत.”

“अहो, त्याला ते दोन रंग वेगळे दिसायचेच नाहीत! एकेचाळीस वर्षं मी शेजारी बसून ओरडत आलेय. तो गेल्यावर गेम त्याच्यासारखा खेळायचा, त्याच्यावरही तीन वर्षं रोज ओरडलेय. होता तसा करून द्या.”

“जुनी ढब पुसली गेलीय, मॅडम.”

काकूंनी फोन सोफ्यावर आपटला. टीव्हीवर नवऱ्याच्या, निखिलच्या नावाखाली ठोकळे आपोआप भराभर पडत होते, रंगाला रंग जुळला की नाहीसे होत होते. वरून एक हिरवा ठोकळा निघाला. सवयीने काकूंच्या तोंडून गेलंच, “अरे निखिल, तपकिरीवर नको!”

ठोकळा अचूक हिरव्यावर जाऊन बसला.

“चालता हो माझ्या घरातून,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी टीव्हीची वायर उपटली.