डावीकडे बसणारी गाडी

जुनी गोल्फ कार्ट विकत घेतली, तेव्हाच ती डावीकडे बसलेली होती. स्प्रिंगचे कमानपाटे थकले असतील म्हणून मी आणि दादाने ते बदलले, शॉकअप नवे घातले, लिफ्ट किट टाकून गाडी चांगली वीतभर उचलली. जॅक काढला, तर उजवी बाजू वर राहिली आणि डावी सावकाश खाली बसली.

डाव्या-उजव्या पाट्यांची अदलाबदल केली. पुन्हा डावीच बसली. चाकांतली हवा, फरशीचा उतार, सगळं तपासलं. कुठेच खोट नव्हती.

"माणूस बसल्यासारखी दबते रे ही," दादा हात पुसत म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

माझी कंबर धरली होती, डोकं फिरलं होतं. मी गाडीच्या डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघून खेकसलो, "उतर की आता! आम्ही दिवसभर राबतोय आणि तू आपला बसून. हवं तर इथे बाकड्यावर येऊन बस!" आणि भिंतीलगतच्या त्या बाकड्यावर धपकन बसलो.

पाटे करकरले. गाडीची डावी बाजू हळूहळू वर आली. गाडी अगदी सरळ उभी राहिली.

"दोनच कप ना रे?" आतून दादाने विचारलं.

मी हो म्हणणार, तोच बाकड्याची फळी माझ्या शेजारी वाकली.