इसाकुच्या वाटचा बांगडा

जेवणाच्या गोष्टी सांगून अख्ख्या कोठडीच्या तोंडाला पाणी आणण्यात इसाकुचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची गोष्ट मात्र एकच असे, बायकोने, फुमिएने, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण घालून शिजवलेल्या बांगड्याची. सहा वर्षांनी सुटका झाली, तेव्हा त्याने फुमिएला तारीखच कळवली नाही. ती घरात घेईल की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

दुपारी तो घरापाशी पोचला. सरकतं दार अर्धं उघडं होतं. आत दोघांची पानं वाढलेली होती आणि दोन्हीकडचा भात वाफाळत होता. म्हणजे त्याची जागा कुणीतरी घेतली होती. इसाकु आल्या पावली वळला.

"अहो, कुठं निघालात? चपला काढा आणि आत या."

"तुझ्याकडे कुणी जेवायला आहे ना? मी नंतर येतो."

"ते पान तुमचंच आहे. रोज वाढते."

"अगं, असं पान समुद्रावर नाहीतर लढाईवर गेलेले सुखरूप परतावेत म्हणून वाढतात. मी तुरुंगात होतो."

"मग? तिथं भूक लागत नव्हती?"

इसाकु चपला काढून पानावर बसला. पानातल्या बांगड्याचा पहिला घास त्याने तोंडात घातला.

"मग इतकी वर्षं हे सगळं खात कोण होतं?"

"अन्न टाकवतं का?" कमरेचा पट्टा सैल करत फुमिए म्हणाली, "अशी सुटलेय ती काय उगाच? आता आपलं आपण खा."