अर्धा वाटा

मनगटावरच्या पट्ट्यांमधून कंबरदुखीचा अर्धा वाटा बायकोकडे जायला लागल्यापासून दिनकररावांना एकच शंका छळत होती. सुलभा आपला पट्टा गुपचूप बंद ठेवत असणार. नाहीतर एवढी कळ सोसत कुणी गुणगुणत पोळ्या लाटतं का?

एका सकाळी त्यांनी पट्ट्याची दिशा उलटी केली. आता तिच्या दुखण्याचा अर्धा वाटा त्यांच्याकडे येणार होता.

कंबरेतली कळ लगेच दुपटीने उसळली. म्हणजे इतके दिवस अर्धी कळ खरंच तिच्याकडे जात होती; तिचा पट्टा चालूच होता. पाठोपाठ उजव्या खांद्यापासून बोटांपर्यंत आग पेटली आणि ते खुर्चीत कोसळले.

"अगं, तुझ्या हाताला काय झालंय?" ते कळवळले.

"ते होय?" सुलभा पोळी लाटत म्हणाली. "ते तुमच्या कंबरेच्या आधीपासूनचं आहे."