सहलीची गाडी

पंचायत समितीच्या निवडणुकीत, आमचा डोंगर खाणीला द्यायला निघालेल्या पक्षाचं बहुमत गेलं. दोन विरोधी पक्षांनी एकत्र येऊन सत्ता घ्यायची ठरवली. कमी पडत होतं एकच मत, माझ्या अपक्ष सुनेचं, सोमारीचं. माझ्या सासूच्या काळापासून आमच्याकडे शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत गावाची बैठक उठत नाही. सोमारीनं या युतीला मत द्यावं, याला बैठकीत शेवटचा होकार माझा होता. मतदानाआधी सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला नेतात. युतीची गाडी आली. सोमारीचा मोबाईल काढून घेतला, तिला मागे बसवलं. ड्रायव्हरचा चेहरा मी ओळखला. “का रे, आता हरलेल्या पार्टीचे मेंबर मागच्या खेपेला तूच नेले ना?” “हाव माय,” तो हसला. “गाडी खाणवाल्या शेठचीच हाये. झेंडा तेवढा बदलते.” “सोमारी, उतर!” मी ओरडले. ती दार ओढत राहिली. आतून ते उघडतच नव्हतं.