नऊच्या नऊ जखमी

हरिदासरावांनी शोधून शोधून बेसबॉलचा असा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, काढला, ज्याचा खांदा निखळला होता. मग चेंडू झेलणारा कॅचर घेतला, तो गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसलेला. एकाचं मनगट मोडलेलं, एकाच्या मांडीचा स्नायू फाटलेला, एक तर उन्हाळाभर मैदानाकडे फिरकलाच नव्हता. असे नऊच्या नऊ जखमी त्यांनी सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवले, फोटो काढला आणि चार वाजता मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला. न खेळणाऱ्याला गुण शून्य. नऊ शून्यांची बेरीज करायला सांख्यिकी अधिकारी लागत नाही, आणि हरिदासराव तर नागपुरात त्याच पदावरून निवृत्त झालेले.

दोन मिनिटांत इंद्रजितचं उत्तर आलं. "मस्त टीम, बाबा."

हे झेंगट जूनमध्ये मागे लागलं. एप्रिलअखेरीस ते मुलाकडे इंग्लंडात, ब्रिस्टलला आले, तेही तीन महिन्यांसाठी. महिना-दीड महिना बरा गेला. मग परतीचा विषय निघाला आणि इंद्रजितने हा खेळ पुढ्यात ठेवला. त्याच्या कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत, आणि तिकडच्या साहेबाला बेसबॉलचं वेड. रोज प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपली नऊ जणांची टीम निवडायची. त्या दिवशीच्या सामन्यांत ते जसे खेळतील, तसे आपल्याला गुण. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी, नवी टीम.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," इंद्रजित म्हणाला होता, "पण साहेबाच्या नजरेत राहायचं तर हरून चालत नाही. तुम्ही आकड्यांतले. सीझन संपेपर्यंत तेवढं सांभाळा."

आकडे म्हटल्यावर म्हातारा विरघळला. टॅबलेटवर वाचून वाचून त्यांनी वहीत रकाने आखले. डावखुऱ्या पिचरपुढे कोण गडबडतो, कुठल्या मैदानावर चेंडू लांब जातो, सगळं टिपून ठेवलं. रोज सकाळी इंद्रजित सांगायचा, पहिले आलो बाबा. त्या आनंदात जुलैचं तिकीट ऑगस्टवर गेलं आणि ऑगस्टचं सप्टेंबरवर. परवा तो म्हणाला, सीझननंतर आणखी मोठे सामने असतात, पार ऑक्टोबरभर चालतात, आणि तुमचा व्हिसाही ऑक्टोबरअखेरपर्यंत आहेच.

ऑक्टोबर ऐकून हरिदासरावांनी दसऱ्याची तारीख पाहिली. ती ऑक्टोबर संपायच्या आधीच येत होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, आणि आलेल्यांना पाणी द्यायचं काम ते अडतीस वर्षं करत आले होते. सिंधुबाई होत्या तेव्हा दोघं मिळून उभे राहायचे. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तरी त्यांनी एक दसरा चुकवला नाही. तिथे दिवसभर माणसं 'रामटेके साहेब, जयभीम' म्हणत पुढून जायची. इथे सून भावना सकाळी सातला हॉस्पिटलात जायची आणि इंद्रजित आठला. मग उरायचं रिकामं घर आणि मोहरी तडतडली की बोंबलणारा स्मोक अलार्म. बाहेर चढाचा रस्ता आणि सगळी दारं सारखी. एकदा त्यांनी शेजाऱ्याच्याच दाराला किल्ली लावली, तेव्हापासून फिरायला जायचीही धास्ती. जीव नुसता कोंडून गेला होता. पण मुलाच्या घराला कोंडवाडा म्हणायची जीभ होत नव्हती, म्हणून हा जखमींचा बेत. एकदा सपाटून आपटलो, की पोरगं म्हणेल बाबांचं डोकं आता चालत नाही, आणि सोडेल आपल्याला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, तिघेही घरी. इंद्रजितने चहाचा कप पुढे सरकवला.

"पहिले आलो, बाबा. साहेब म्हणून राहिला होता, तुझे बाबा ग्रेट आहेत."

हरिदासरावांनी उचललेला कप तसाच खाली ठेवला. त्यांनी खेळाच्या गुणांचं पान कधी पाहिलं नव्हतं, साहेबाचं नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं. मुलाच्या शब्दापुढे विचारायचं काय? आता मात्र कानशिलं तापली.

"काल दिलेल्यातला एकही माणूस मैदानात उतरला नाही," ते म्हणाले. "नऊच्या नऊ जखमी होते, इंद्रजित."

भावनाचा चमचा चहात थांबला.

"ऑफिसात असा काही खेळ आहे तरी का?" हरिदासरावांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग मला तीन महिने लहान पोरासारखं खेळवून राहिला होतास? मला दसऱ्याला नागपुरात असायचं आहे. आजच्या आज तिकीट काढ."

इंद्रजितने मोबाइल काढला. विमानाचं पान उघडलं, तारीख टाकली. मग मोबाइल टेबलावर बाबांच्या पुढे ठेवला.

"इथे कायमचं राहण्याचा अर्ज जूनमध्ये टाकलाय. त्याचा निकाल येईस्तोवर मी देशाबाहेर पाऊल टाकलं, तर अर्ज बाद. आई गेली तेव्हाही माझा एक अर्ज असाच आत होता, तिचं सगळं मी मोबाइलवर पाहिलं. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता काढतो तिकीट. पण तिकडे तुम्हाला काही झालं, तर तुमचंही मोबाइलवरच पाहू का, बाबा?"