रागावू नकोस

गणितात अकरा मार्क, आणि आई पेपर बघून चक्क हसली. म्हणजे युक्ती चालली, शार्वीने हुश्श केलं.

आई दूर समुद्रतळाच्या खाणीवर इंजिनियर होती. रोज चार वाजता तिचं मन सर्व्हरवरून घरातल्या यंत्रदेहात उतरायचं आणि ती आधी घरच्यांचे निरोप वाचायची. शार्वीला त्यात एक फट सापडली होती. ठरावीक खुणांमध्ये लिहिलेला निरोप सर्व्हर नुसता दाखवायचा नाही, तर वाचणाऱ्याच्या मनात आज्ञेसारखा चालवायचा. तिने लिहिलं होतं, 'रागावू नकोस.'

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम दूध उतू जाऊ दिलं. "असू दे गं, राणी." आठवडाभर तेच गोड हसू. घरात कुणी परकं वावरावं तशी शार्वी आईला टाळू लागली. निरोप पुसला, तरी फरक नाही. शेवटी तिने लिहिलं, 'पूर्वीसारखी रागाव.'

चार वाजले. "शार्वे, अकरा मार्क? अक्कल काय गहाण टाकलीस?" तीच धार, कान पिरगाळायची तीच तऱ्हा. शार्वीला रडूच फुटलं. आली बाई एकदाची आपली आई.

कानावरची बोटं मात्र सुटली नाहीत. आई खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "एवढं पुरे, की अजून रागावू?"