जुना थर

आईबाबांचं घर म्हणजे चाकांवरची एक जुनी कॅराव्हॅन. त्या दुपारी बाबा तिच्या टपावर बसून सांधे सिलिकॉनने बुजवत होते आणि लेक खाली शिडी धरून कुरकुरत होती, "बाबा, एवढं जीव ओतून करायला हा काय राजवाडा आहे?"

"राणी आत झोपलीय. हळू बोल."

दुसऱ्या दिवशी बाबा झोपेतून उठलेच नाहीत. पुढचं सगळं लेकीने निस्तरलं, डोळ्यांतून टिपूस न काढता.

वर्षभराने टप गळू लागला तो नेमका आईच्या अंथरुणावर. लेक पटाशी घेऊन वर चढली. सांधा एका जागी फाटला होता, आणि जुना थर खरवडल्याशिवाय नवा धरत नाही. पटाशी टेकवली आणि तिचा हात थांबला. ओलं सिलिकॉन बाबांनी अंगठ्याने दाबत नेलं होतं. ठशातली रेघ न् रेघ शाबूत होती.

"अगं, खरवडतेस ना? आभाळ भरून आलंय," खालून आई म्हणाली.

"हो, आई."



थेंब पडायला लागले तशी तिने ठशाखाली पटाशी सारली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, मला टाकून जायला नको होतंत हो."